चौथ्या क्रमांकाचा शिक्का : एडमंटन, राइनहार्ट आणि सोळावा पिक

२६ जून २०१५च्या संध्याकाळी कॅनडातल्या एडमंटनच्या हॉकीवेड्यांना दोन बातम्या मिळाल्या. पहिली तशी दोन महिने आधीच पक्की झाली होती : ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला क्रमांक शहराच्या ऑइलर्स संघाकडे, म्हणजे कॉनर मॅकडेव्हिड आपला. अठरा वर्षांचा असा पोरगा पिढीतून एकदाच निघतो, असं सगळं हॉकीजग म्हणत होतं. त्या आनंदात शहर असतानाच दुसरी बातमी आली. ऑइलर्सनी त्याच ड्राफ्टमधला आपला १६वा आणि ३३वा पिक, म्हणजे निवडीची पाळी, न्यू यॉर्क आयलंडर्सला देऊन टाकला आणि बदल्यात ग्रिफिन राइनहार्ट हा २१ वर्षांचा बचावपटू घेतला.

आयलंडर्सनी १६व्या क्रमांकावर मॅथ्यू बार्झल निवडला. २०१८मध्ये बार्झल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. राइनहार्ट ऑइलर्ससाठी साखळीतले २९ सामने खेळला. त्याच्या नावावर गोल शून्य, असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेला पास) एक.

इथेच थांबलं तर प्रकरण अगदी सोपं दिसतं आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण मला रस आहे तो त्या उन्हाळ्यात चाहत्यांमध्ये झालेल्या वादात, बार्झल कोण होणार हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हाच्या. त्या वादात दोन्ही बाजूंकडे डोकं होतं, आणि तरीही मुद्द्याचा प्रश्न बराच वेळ कोपऱ्यातच पडून राहिला.

ज्यांच्यासाठी हॉकी म्हणजे ध्यानचंद, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथली हॉकी बर्फावरची. उत्तर अमेरिकेतली एनएचएल ही तिची सर्वांत मोठी लीग. तेव्हा तीस संघ होते. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथल्या ड्राफ्टमध्ये रांग बोलते. गेल्या हंगामात जो संघ तळाला गेला तो रांगेत पुढे, थोडा भाग सोडतीचा. रांगेतली आपली जागा म्हणजे पिक. गंमत अशी की ही जागासुद्धा विकता येते, आणि ज्या पोराचं नाव अजून पुकारलेलंच नाही त्याच्यावरून चाहते एकमेकांची डोकी फोडतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

ऑइलर्सचा १६वा पिक मुळात त्यांचा नव्हताच. जानेवारी २०१५मध्ये डेव्हिड पेरॉन पिट्सबर्गला दिला तेव्हा तो मिळाला होता. ३३वा मात्र स्वतःचा, म्हणजे वाईट हंगामाची कमाई.

आणि हंगाम तर सगळे वाईटच होते. २००६मध्ये हा संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत पोचला, कॅरोलायनाकडून हरला आणि त्यानंतर सलग नऊ वर्षं प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. २०१०, २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं ड्राफ्टमधला पहिला क्रमांक यांचा होता : टेलर हॉल, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, नेल याकुपोव्ह. तिघंही आक्रमक फळीचे. पुढे गोल करणारी हुशार पोरं, मागे वाऱ्यावर सोडलेलं घर. दर उन्हाळ्यात ‘भविष्य’ या एकाच शब्दावर तिकिटं विकली जायची. चाहत्यांना त्या शब्दाचा वीट आला होता, आणि तो आला नसता तरच नवल.

एप्रिल २०१५मध्ये पीटर शिअरेली जनरल मॅनेजर म्हणून आले. बॉस्टनला २०११मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून दिलेला माणूस. त्यांच्यापुढचं गणित असं : मॅकडेव्हिडचा पहिला करार तीन वर्षांचा, आणि लीगच्या नियमामुळे तो स्वस्तातला. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, म्हणून सर्वोत्तम खेळाडू स्वस्त असण्याची ही तीन वर्षं सोन्याची. (२०१७च्या जुलैत त्याने नव्या करारावर सही केली ती वर्षाला सव्वा कोट डॉलरची.) त्या काळात बचाव उभा करायचा तर १६व्या क्रमांकावर अठरा वर्षांचं पोर निवडून ते पिकायची वाट बघत बसणं परवडणार नाही.

म्हणून राइनहार्ट. सहा फूट चार इंच उंच. २०१२च्या ड्राफ्टमध्ये चौथा. वडील पॉल राइनहार्ट एनएचएलमधले नावाजलेले बचावपटू. धाकटा भाऊ सॅम २०१४च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रिफिन हा एडमंटनचा ‘आपला’ मुलगा. जन्माने नाही; तो तिथे ज्युनिअर हॉकी खेळला होता, एडमंटन ऑइल किंग्जकडून. हा संघ ऑइलर्सच्याच मालकीचा, तेव्हा त्यांच्याच रेक्सॉल प्लेस या रिंकवर खेळणारा. २०१४मध्ये ऑइल किंग्जनी कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतला सर्वोच्च मान, मेमोरियल कप, जिंकला तेव्हा कप्तान राइनहार्ट होता. त्या संघाचे जनरल मॅनेजर राहिलेले बॉब ग्रीन आता ऑइलर्सच्या व्यवस्थापनात होते.

आता वाद.

सौद्याच्या बाजूचे म्हणायचे : आपण याला पाहिलंय. एकदा-दोनदा नाही, हंगामच्या हंगाम, आपल्याच रिंकवर. १६वा पिक म्हणजे लॉटरीचं तिकीट, हा तर जवळजवळ तयार माल. बचावपटू उशिरा पिकतात, त्यामुळे २१व्या वर्षी तो एनएचएलमध्ये ठाण मांडून बसलेला नाही याचा बाऊ करायचं कारण नाही. आणि संघात पुढे खेळणाऱ्यांची कमी आहे का? मग आणखी एक आक्रमक आणून करायचं काय?

विरोधातले म्हणायचे की राइनहार्टचं स्केटिंग जड आहे. ज्युनिअरमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना लांब हातांनी आणि अंगाच्या जोरावर अडवता येतं, एनएचएलमध्ये ती पोरं वळसा घालून निघून जातात. दुसरं म्हणजे, २०१५चा ड्राफ्ट गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत सखोल मानला जात होता. अशा वर्षी १६वा पिक म्हणजे नेहमीचा १६वा नव्हे.

या दुसऱ्या गटात आकडेवारीवाले बरेच होते. एडमंटनचा चाहता वर्ग आकड्यांच्या बाबतीत फार पुढारलेला. संघ इतकी वर्षं हरत राहिला की लोकांना विश्लेषणाशिवाय दुसरं काही उरलंच नसावं, असा माझा तर्क.

दोन्ही बाजू वाचताना मला एक गोष्ट खटकते. पहिला गट ‘माहीत असलेला’ विरुद्ध ‘माहीत नसलेला’ अशी मांडणी करत होता, आणि दुसऱ्या गटातल्या बऱ्याच जणांनी ती मुकाट मान्य केली होती. त्यांचं म्हणणं एवढंच की माहीत नसलेला जास्त मोलाचा आहे. पण राइनहार्ट तरी कुठे ‘माहीत’ होता? एनएचएलच्या साखळीतले त्याचे एकूण सामने आठ. २०१४-१५चा बहुतेक हंगाम तो दुय्यम लीगमध्ये, ब्रिजपोर्टला खेळला. शहराला ठाऊक होता तो अठरा-वीस वर्षांचा राइनहार्ट, स्वतःपेक्षा लहान पोरांविरुद्ध खेळणारा. ती ओळख होती, प्रेम होतं, कप्तानाने उंचावलेला कप डोळ्यांसमोर होता. पण पुढे काय होणार याची माहिती म्हणून ती शिळी होती. ऑइलर्सनी एक भरवशाचं पोर देऊन पक्का खेळाडू घेतला नाही. त्यांनी दोन तिकिटं देऊन तिसरं तिकीट घेतलं, तेही अर्धं खरवडून झालेलं.

‘चौथा क्रमांक’ हा शिक्काही तसाच. २०१२च्या ड्राफ्टकडे पाहिलं तर पहिल्या दहात आठ बचावपटू गेलेले दिसतात : मरी, राइनहार्ट, रायली, लिंडहोम, डम्बा, पुलियो, ट्रूबा, कुकू. त्या वर्षी वरच्या क्रमांकांत बचावपटूंची रांगच लागली होती. २०१५पर्यंत मॉर्गन रायली, हॅम्पस लिंडहोम आणि जेकब ट्रूबा आपापल्या संघांत रोजचे खेळाडू झाले होते. म्हणजे तीन वर्षांनी बाजाराकडे नवी माहिती आली होती, आणि ती माहिती राइनहार्टबद्दल बरी बोलत नव्हती. तरी चर्चेत प्रत्येक वेळी ‘चौथा’ हा आकडा आधी यायचा. आंब्याची बाग मोहोर बघून घेण्यात चूक नाही, कोकणात असे सौदे होतात. पण फळ धरायची वेळ आल्यावरही मोहोराचाच भाव लावायचा?

सगळ्यात जास्त माहिती होती विकणाऱ्याकडे. जुनी गाडी घेताना आपण आधी विचारतो, की विकताय कशाला? आयलंडर्सचे जनरल मॅनेजर गार्थ स्नो यांनी राइनहार्टला स्वतः चौथ्या क्रमांकावर निवडलं होतं, तीन वर्षं सांभाळलं होतं, रोज पाहिलं होतं. आणि आता ते त्याला १६व्या आणि ३३व्या पिकवर सोडायला तयार होते. याचं निरुपद्रवी उत्तर होतं, ते मी लपवणार नाही : ऑक्टोबर २०१४मध्ये त्यांनी निक लेडी आणि जॉनी बॉयचक आणले होते, कॅल्व्हिन डी हान, थॉमस हिकी होते, मागून अ‍ॅडम पेलेक आणि रायन पुलॉक येत होते. गर्दी होती. पण गर्दीतून नेमका कुणाला बाहेर काढलं जातं, हेही काहीतरी सांगतंच.

मग किंमत. इथे नशिबाने त्याच दिवसाचा भाव उपलब्ध आहे. त्याच २६ जूनला बॉस्टनने डग्गी हॅमिल्टन कॅल्गरीला दिला. हॅमिल्टन २२ वर्षांचा, उजव्या हाताचा, आदल्या हंगामात ७२ सामन्यांत ४२ गुण (गोल आणि असिस्ट मिळून). किंमत : १५वा, ४५वा आणि ५२वा पिक. एडमंटनने मोजलेला १६वा आणि ३३वा याच्याशेजारी ठेवून पाहा. तिकडे एनएचएलमध्ये सिद्ध झालेला बचावपटू, इकडे आठ सामन्यांचा, आणि दोन्ही थैल्यांचं वजन जवळपास सारखं. हॅमिल्टनला लगेच मोठा करार द्यावा लागणार होता, कॅल्गरीने सहा वर्षांसाठी वर्षाला साडेसत्तावन्न लाख डॉलर दिले. राइनहार्ट स्वस्त होता. बॉस्टनने हॅमिल्टन एडमंटनला दिलाच असता असंही नाही. पण कॅल्गरी हा एडमंटनचा शेजारी आणि जन्माचा वैरी, त्यामुळे ही तुलना एडमंटनच्या चाहत्यांना दुप्पट झोंबली.

जो मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो तो मात्र या वादात कडेलाच राहिला : हात. बचावपटू जोडीने खेळतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या हाताचा खेळाडू डाव्या बाजूला असला की भिंतीलगत येणारा पक (खेळायची रबरी चकती) त्याच्या काठीच्या फोरहँडला येतो, तो चटकन पुढे पास देऊ शकतो. उजवीकडे टाकला तर तोच पक बॅकहँडने आवरावा लागतो, अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात समोरचा अंगावर येऊन आदळतो. उजव्या हाताचे चांगले बचावपटू लीगमध्ये कायम कमी, म्हणून महाग. ऑइलर्सकडे डाव्या हाताचे ऑस्कर क्लेफबॉम आणि डार्नेल नर्स आधीच होते, दोघंही तरुण, दोघंही पहिल्या फेरीतले. राइनहार्ट डाव्या हाताचा. ड्राफ्ट होऊन आठवडा व्हायच्या आत, १ जुलैला, ऑइलर्सनी आन्द्रेई सेकेराला सहा वर्षांचा करार दिला. तोही डाव्या हाताचा! संघाला भूक होती उजव्या बाजूची, आणि खरेदी चालली होती डावीकडची. ‘आपल्याला बचाव हवा’ हे वाक्य इतकं खरं होतं की कुठला बचाव हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढचं लवकर सांगून टाकतो. २०१५-१६मध्ये मॅकडेव्हिडचं कॉलरबोन मोडलं, तो ४५ सामनेच खेळला, आणि संघ तीसपैकी २९वा आला. राइनहार्टला लीगचा वेग झेपला नाही. २०१६च्या जूनमध्ये तीच उजवी बाजू भरण्यासाठी ऑइलर्सनी टेलर हॉल न्यू जर्सीला दिला आणि अ‍ॅडम लार्सन घेतला, एकास एक. लार्सन प्रामाणिक, भक्कम बचावपटू होता, आणि २०१६-१७मध्ये एडमंटन प्लेऑफमध्ये पोचलंही, दुसऱ्या फेरीत अनाहाइमकडून सात सामन्यांत हरलं. पण हॉल २०१८मध्ये लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. तो एक स्वतंत्र वाद आहे, त्यात आज शिरत नाही. एवढंच म्हणेन की आदल्या वर्षीचे पिक योग्य हातावर खर्च झाले असते तर ते दुसरं बिल इतकं मोठं आलं नसतं.

२०१६-१७ राइनहार्टने बहुतेक सगळं बेकर्सफील्डला, दुय्यम लीगमध्ये काढलं. जून २०१७मध्ये वेगासचा नवा संघ लीगमध्ये आला. नियम असा की प्रत्येक जुन्या संघाने ठरावीक खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांतून वेगासने एक उचलायचा. एडमंटनमधून त्यांनी राइनहार्ट उचलला. दोन पिकांची गुंतवणूक दोन वर्षांत परतावा न देता संपली. वेगाससाठी तो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही.

तिकडे बार्झलही लगेच चमकला नव्हता, आणि त्यामुळे वाद रेंगाळला. २०१७च्या उन्हाळ्यापर्यंत तो एनएचएलचे जेमतेम दोन सामने खेळला होता, बाकी सिअ‍ॅटलच्या ज्युनिअर संघात. त्या दोन वर्षांत सौद्याची बाजू घेणारे म्हणू शकत होते की कुठे आहे तुमचा हिरा? मग २०१७-१८ उजाडलं : ८२ सामने, २२ गोल, ६३ असिस्ट. वाद एका हिवाळ्यात मिटला.

मिटला, पण चुकीच्या कारणाने. विरोधकांनी बार्झलचे ८५ गुण पुरावा म्हणून नाचवले, आणि तिथे मला त्यांचं पटत नाही. १६वा पिक एडमंटनकडे राहिला असता तर त्यांनी बार्झलच घेतला असता, हे कशावरून? त्याच ड्राफ्टमध्ये बॉस्टनकडे लागोपाठ तीन पिक होते, १३, १४ आणि १५. त्यांनी झ्बोरिल, डीब्रस्क आणि सेनिशिन घेतले. पुढचे तिघं बार्झल, काइल कॉनर आणि थॉमस शाबो, हे मात्र तिघंही मोठे खेळाडू झाले. झॅकरी सेनिशिन एनएचएलमध्ये वीस सामनेही खेळला नाही, आणि त्याच्या लगेच मागे बार्झल उभा होता. तिकिटात काय निघेल याची हीच तर तऱ्हा. हा सौदा २६ जून २०१५च्या रात्रीच महाग होता. बार्झल फसला असता तरी महागच राहिला असता. ८५ गुणांनी फक्त ते दूरवरच्या लोकांना दिसू लागलं.

३३व्या पिकचीही गोष्ट आहे. आयलंडर्सनी तो ७२व्याबरोबर टॅम्पा बेला देऊन २८वा घेतला आणि त्यावर अँटनी बोव्हिलिए निवडला. टॅम्पाने ७२व्यावर अँटनी सिरेली घेतला, जो पुढे दोन स्टॅनली कप जिंकलेल्या संघाचा कणा झाला. एडमंटनच्या एका निर्णयातून दोन संघांची घरं भरली, त्यातलं एकही एडमंटनचं नाही.

शिअरेलींना जानेवारी २०१९मध्ये काढलं. राइनहार्ट कुटुंबाने मात्र एडमंटनचा पिच्छा सोडला नाही. जून २०२४च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात फ्लोरिडाकडून विजयी गोल झाला, २-१, आणि कप एडमंटनच्या हातून गेला. गोल करणारा सॅम राइनहार्ट. पुढच्या वर्षी मालिकेच्या शेवटच्या सामन्यात त्यानेच चार गोल मारले. दोन्ही सामने सनराइजच्या त्याच इमारतीत, जिथे २०१५चा ड्राफ्ट झाला होता. एडमंटनमध्ये यावर जे विनोद होतात ते तुम्ही कल्पनेनेच जाणा.

एक तपशील मात्र या प्रकरणात सहसा कुणी मांडत नाही. त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी, गर्दी पांगलेली असताना, ऑइलर्सनी तीन बचावपटू निवडले : ११७व्या क्रमांकावर केलेब जोन्स, १२४व्यावर ईथन बेअर, १५४व्यावर जॉन मरीनो. तिघंही एनएचएलपर्यंत पोचले, तिघंही राइनहार्टपेक्षा कितीतरी जास्त सामने खेळले. बेअर आणि मरीनो तर उजव्या हाताचे. काखेत कळसा नि गावाला वळसा. पण २०१५मध्ये या तिघांवरून कुणी भांडलं नाही, कारण त्यांच्यावर कसला शिक्का नव्हता. मरीनो एडमंटनसाठी एकदाही खेळला नाही. जुलै २०१९मध्ये त्याला पिट्सबर्गला दिलं, सहाव्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात. पहिल्याच हंगामात त्याने तिथे ५६ सामन्यांत २६ गुण केले.